बकरीनं खाल्लेला दाखला

सोमाजीभाऊ,

तुम्ही जाऊन चौदा दिवस झाले आणि दवाखान्याच्या मागच्या दाराची कडी अजून कोणाला लावता आलेली नाही. तुम्ही ती कशी लावत होता हे मी अकरा वर्षं पाहिलं. आधी दाराला खांदा, मग खालून लाथ, मग ज्या ठेकेदारानं ते दार बसवलं त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार, की कडी टक्कन बसायची. मीही खांदा लावला, लाथ मारली, अंगठा सुजवून घेतला. शिव्या मात्र मला तुमच्याइतक्या येत नाहीत. आता दाराला आतून सलाईनच्या बाटल्यांची दोन खोकी लावून ठेवते.

शाळेचे गुरुजी म्हणाले, "बाई, भाऊंवर एक पान लिहून द्या, शाळेत वाचून दाखवू. जन्मतारीख, शिक्षण, शिपाई म्हणून नोकरी किती वर्षं, असं." मी तुमची जन्मतारीख शोधायला बसले. सेवापुस्तकात एक, रेशनकार्डावर दुसरी, आणि मतदारयादीप्रमाणे तुम्ही तुमच्या मोठ्या भावापेक्षा चार वर्षांनी मोठे. म्हटलं, हे पान गुरुजींनीच लिहावं. मला तुमच्याशी भांडायचं आहे. आपलं भांडण अर्धं राहिलंय आणि तुम्ही मधूनच उठून गेलात. हे काही बरोबर नाही केलं, भाऊ.

पहिलं भांडण आठवतं का? धानोऱ्याच्या बसस्टँडवर. मी मूल गावाहून आलेली, एम.बी.बी.एस.ची शाई वाळायची होती, हातात पेटी आणि प्लास्टिकची निळी बादली. तुम्ही सायकल घेऊन घ्यायला आलात. नव्या डॉक्टरीणबाईकडे पाहिलंच नाही, बादलीकडे पाहिलं.

"बादली घरून आनली का बाई?"

"हो. का?"

"मंग नाई टिकनार."

मी चिडले. तुम्ही सायकलच्या हँडलला बादली अडकवत शांतपणे समजावलंत, "जो डॉक्टर बादली संग आनते, तो बादली संगच घेऊन जाते. जो इथल्या बाजारात बादली घेते, तो राह्यते."

"असा राहिला का कोणी?"

"अजून बादली कोनं घेतलीच नाई ना."

आणि खोटं नव्हतं ते. दवाखान्याच्या कोठीत तुम्ही आधीच्या डॉक्टरांचं सामान जपून ठेवलं होतं. एका साहेबांची छत्री, एकांचा दाढीचा ब्रश, आणि अकरा दिवस टिकलेल्या एकांची डाव्या पायाची चप्पल. "एकच कशी?" विचारलं तर म्हणालात, "बस सुटून राह्यली होती. पळताना एकच पायात रायली." मी त्या रात्री ठरवलं की तीन वर्षं काढायची आणि दोन्ही चपला घालून जायचं.

तीनच वर्षं, हे पक्कं होतं. माझ्या अब्बांचं मूलला बाजारात शिलाईचं दुकान. खाली दुकान, वर घर. माझ्या डॉक्टरीसाठी ते दोन्ही बँकेत गहाण पडलेलं. पास झाले तेव्हा एका संस्थेची योजना निघाली होती, जंगलातल्या दवाखान्यात डॉक्टर टिकत नाहीत म्हणून. जो जाईल त्याच्या शिक्षणाच्या कर्जाचे हप्ते ती संस्था भरणार. एक वर्ष राहा, एका वर्षाचे हप्ते. तीन वर्षं राहा, सगळं कर्ज साफ. फक्त दर मार्चमध्ये सरपंचाच्या सहीशिक्क्याचा दाखला गडचिरोलीला पोचवायचा की डॉक्टर वर्षभर गावातच होत्या. अब्बांनी कागद दोनदा वाचला, चष्मा पुसला आणि म्हणाले, "तीन साल तो यूँ निकल जाते, बेटी." त्यांनी तेव्हाच माझ्या दवाखान्यासाठी दुकानाशेजारची खोली हेरून ठेवली होती.

मी हे सगळं गावाला सांगायचं ठरवलं, तिथंच चुकले. सरपंचांच्या अंगणात सभा. मी उभी राहून छान शुद्ध भाषेत बोलले. योजना, कर्ज, परतफेड, ग्रामीण आरोग्य. तुम्ही कानात म्हणालात, "रेडिओवानी नोका बोलू बाई, लोक झोपतीन." मग म्हातारे-कोतारे गोंडी बोलणारे म्हणून गोंडीत समजावायला तुम्ही उभे राहिलात. माझ्या पंधरा मिनिटांचं तुम्ही एका दमात आटपलंत. मला त्यातला एकच शब्द कळला: गहाण. सगळ्या बाया एकदम "च् च्" करून माझ्याकडे पाहायला लागल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी क्वार्टरच्या ओट्यावर कोहळं, मोहफुलांची टोपली आणि पाय बांधलेली एक कोंबडी. आणि एक आजी. तिनं माझी हनुवटी धरून विचारलं, "तुले बापानंच ठेवलं का व माय?" मला काही उमगेना. मग तिनं सांगितलं, तिच्या घरचा बैल एकदा धानोऱ्याच्या दुकानदाराकडे गहाण होता, परत आला तेव्हा नुसत्या बरगड्या. "तुले जेवाले देते ना?" असं विचारून तिनं माझं मनगट दाबून पाहिलं आणि मान हलवली.

मी तणतणत दवाखान्यात आले. तुम्ही सुया उकळत होता.

"भाऊ! मी गहाण आहे असं सांगितलं तुम्ही गावाला?"

"हो."

"अहो, मी नाही गहाण! घर गहाण आहे. अब्बांचं."

"बरं. मंग ते घर सोडवाले इथी कोन येऊन राह्यलं?"

"मी."

"घर सुटेपर्यंत तुमाले इथून जाता येते?"

"नाही."

"मंग गहाण कोन?"

भाऊ, मी सहा वर्षं मेडिकल कॉलेजात काढली. तोंडी परीक्षेत भल्याभल्यांना उत्तरं दिली. तुम्ही मात्र मला तीन प्रश्नांत नापास केलंत. तुम्ही चिमट्यानं सुई उचलली आणि म्हणालात, "पानी उकळलं."

त्यानंतरचं तर हद्दच. तेंदूपानाचा हंगाम संपला, लोकांच्या हाती थोडा पैसा आला, आणि गावानं परस्पर ठरवलं की पोरीला सोडवायचं. एका दुपारी पेशंट तपासत होते, तर सरपंच आणि चार म्हातारे दारात. मागे तांदळाची पोती, तीन कोंबड्या, आणि फडक्यात बांधलेली चिल्लर. "बाई, तुमच्या सावकाराले सांगा, यवढं घे आन पोरीले सोड." त्यात त्या आजीचंही काहीतरी होतं, जिचा बैल उपाशी राहिला होता. मी पेशंटसमोर रडले. डॉक्टरनं पेशंटसमोर रडू नये म्हणतात, पण रडले. असं कोणी मला सोडवायला यावं, इतकी काही मी तोवर त्या गावाची कोणी लागत नव्हते.

तुम्ही मात्र रडला नाहीत. तुम्ही कोपऱ्यात उभं राहून डोकं खाजवत होता. तुमच्या डोक्यात काय चाललं होतं ते मला संध्याकाळी कळलं. तुम्ही तेच तांदूळ घरोघरी परत करत फिरत होता. लोक विचारत, "काऊन?" आणि तुम्ही सांगत होता, "अबे, सोडवली तं जाईन ना ते!"

वा रे वा! आधी यांनीच गहाण ठेवलं, मग यांनीच सोडवणं बंद पाडलं.

पण एक कबूल करते. गहाण असण्याचे फायदे होते. गहाणाची वस्तू जपावी लागते, हा तुमचा नियम. पलीकडच्या टोल्यावर, म्हणजे जंगलातल्या वस्तीवर, बाळंतीण अडली, बैलगाडीतून निघालो, पाऊस सुरू झाला. त्या पळालेल्या साहेबांची छत्री तुम्ही सगळी माझ्या डोक्यावर धरली आणि स्वतः ओलेचिंब. म्हटलं, अर्धी घ्या. "नाई बाई. मी घरचा हाओ, वाळन. तुमी पराया माल." बाळ-बाळंतीण सुखरूप झाली. तुम्ही चार दिवस शिंकत होता आणि औषधाच्या नावानं बोंब. दुसऱ्याला गोळ्या देताना भाषण ठोकणारा माणूस स्वतः आल्याचा काढा पीत बसला.

मग मलाच मलेरिया झाला. मी क्वार्टरमध्ये तीन गोधड्यांखाली कुडकुडत, आणि तुम्ही ओसरीत खुर्ची टाकून पहाऱ्याला. येणाऱ्याजाणाऱ्याला दबक्या आवाजात सांगत होता, "हळू बोला. माल खराब झाला तं आपल्यालेच भरून द्या लागन." एकशे चार ताप होता, भाऊ, आणि मी गोधडीत तोंड खुपसून हसत होते. बरी झाले तेव्हा माझी निळी बादली फुटलेली दिसली. तुम्ही बाजारातून लाल बादली आणून ठेवली होती. पैसे घेतले नाहीत. म्हणालात, "हे इथली हाये."

तिसऱ्या वर्षाचा मार्च आला. शेवटचा दाखला. मूलला अब्बांनी शेजारची खोली घेतली होती, रंगवली होती, बोर्डसुद्धा करून टाकला होता: डॉ. नसीम, एम.बी.बी.एस., हिरव्यावर पांढरी अक्षरं. मी सरपंचांचा सहीशिक्का घेतला, दाखला तुमच्या हातात दिला, म्हटलं, "भाऊ, उद्याच्या बसनं गडचिरोलीला पोचवा," आणि ईदला घरी गेले. परत आले तर तुम्ही दवाखान्याच्या पायरीवर खाली मान घालून बसलेले. मला वाटलं, कोणी गेलं.

"बाई, कागद बकरीनं खाल्ला."

"काय?"

"खाटेवर ठेवला होता. पाठ फिरवलो, तं खाल्लन."

"सहीशिक्क्याचा कागद?"

"शिक्क्यासकट. शाई होती ना बाई. चव लागली असन."

मी तुम्हाला काय काय बोलले! दवाखान्यातले पेशंट उठून अंगणात गेले. तुम्ही उठलात. घरी जाऊन तुमच्या कौसाबाईंच्या हातचा चहा घेऊन आलात, तोही मी रागानं पिऊन टाकला. मुदत निघून गेली. शेवटच्या वर्षाचे हप्ते संस्थेनं भरले नाहीत, घर बँकेतच राहिलं, आणि आख्ख्या गावानं मान्य केलं की बाई आता काही सुटत नाही. ज्या आजीनं माझं मनगट दाबून पाहिलं होतं, ती त्या दिवशी ओट्यावर येऊन बसली आणि म्हणाली, "बरंच झालं व माय."

तेव्हापासून दर मार्चला तुमचं ठरलेलं. झाडू थांबवून विचारायचं, "बाई, कागदाचं झालं का काई?" मी म्हणायची, "नाही भाऊ, अडकलाय." तुम्ही मान हलवून म्हणायचे, "बकरीनं घात केला." आणि चेहरा असा, की घरात लगीन निघालं. दोन वर्षांपूर्वी रिटायर झालात तरी कडी लावायला येत होताच, आणि मार्च आला की हेही विचारून जात होता. यंदाच्या मार्चला काठी टेकत आलात.

मग तुम्हाला लकवा मारला. खाटेवर तुमची अर्धी जीभ चालत होती, ती सगळी तुम्ही एकाच गोष्टीत खर्च केली. मी बीपी बघायला आले की हात धरायचे, "बाई... बकरी..." मी म्हणायची, "गप पडा, बीपी वाढतंय." तुम्ही पुन्हा, "बकरी..." मी तुम्हाला बोलू दिलं नाही. डॉक्टर होते ना मी, मोठी शहाणी. ते मला आता फार लागतं, भाऊ. दोन मिनिटं बसले असते तर काय बिघडलं असतं?

कारण मलाही एक सांगायचं होतं. तेही आता इथंच सांगते.

ज्या दिवशी तुम्ही पायरीवर मान खाली घालून बसला होता, त्या दिवशी मुदत संपायला सहा दिवस बाकी होते. कोरा फॉर्म माझ्या टेबलाच्या खणात होता. सरपंच दोन घरं सोडून राहत होते, आणि शिक्का तर त्यांच्या खिशातच असतो. अर्ध्या तासाचं काम होतं. मी दोन दिवस गाव डोक्यावर घेतलं, पण खण उघडला नाही. पुढच्या मार्चलाही नाही उघडला. पगारातून थोडं थोडं भरत गेले आणि दीड वर्षात बँकेचं सगळं फेडून टाकलं. घर सुटलं. अब्बांनी पेढे वाटले आणि म्हणाले, "घर छूट गया, अब तू कब छूटेगी?" मी म्हटलं, "अब्बा, एक कागज अटका है." मूलच्या त्या हिरव्या बोर्डावर अब्बा आता इस्त्री करतात. मी माझ्या बापाला इतकी वर्षं तुमच्या बकरीच्या नावावर थापा मारल्या.

तुम्हाला का नाही सांगितलं? सुरुवातीला वाटलं, सांगितलं की तुमचा तोरा वाढेल. मग वाटलं, सांगितलं की ती छत्री, ती ओसरीतली खुर्ची बंद होईल. मोकळ्या माणसाला कोण एवढं जपतं? माझ्या आयुष्यात मला असं दुसऱ्या कोणी सांभाळलं नाही. म्हणून मी दर मार्चला तोंड पाडून "अडकलाय" म्हणत राहिले.

परवा तुमच्या तेरवीला आले. जेवणं झाली, भांडी निघाली, तशी कौसाबाईंनी मला मागच्या अंगणात नेलं आणि पदराचं टोक चावत म्हणाल्या, "बाई, रागाऊ नका. त्या साली आमच्या दारात बकरीच नोती."

"म्हणजे?"

"आदल्या साली रोग आला ना, साऱ्या मेल्या. एक बी नोती."

"मग कागद?"

"चुलीत घातलन. म्या पाह्यलं. त्याच जाळावर तुमाले चहा ठेवला. तुमी पेल्ला बी."

भाऊ, तेरवीच्या घरात मी हसले. लोकांनी वळून पाहिलं. मला हसू आवरेना, आणि ते हसताहसता कधी रडणं झालं ते कळलं नाही. कौसाबाई घाबरल्या. त्यांना वाटलं, माझ्यासारख्या शिकलेल्या बाईचं नुकसान ऐकून डोकं फिरलं. त्या घाईघाईनं गोठ्यात गेल्या आणि एक बकरी ओढत घेऊन आल्या. काळी, कपाळावर पांढरा ठिपका, पोट हे एवढं.

"पेन्शनीतून घेतलन औंदा. मले सांगून ठेवलन, माह्या मागं हे बाईले देजो. बकरी इकून कागदाचे पैसे भरा म्हना. मी पाप केलो, बाईले बांधून ठेवलो. आता सोडवजो म्हने." मग बकरीच्या पाठीवर हात फिरवत म्हणाल्या, "गाभन हाये बाई. दोन तरी देईन. पुरन ना?"

खरं सांगायची वेळ तीच होती. कौसाबाई, काही भरायचं नाही, मी कधीची मोकळी आहे, एवढंच म्हणायचं होतं. त्यांच्या हातातलं ते दावं पाहिलं. तुम्ही कुठल्या बाजारातून आणली असेल, काठी टेकत कसे गेला असाल, किती घासाघीस केली असेल. म्हटलं, "पुरन." आणि दावं घेतलं.

तेव्हापासून ती माझ्या ओसरीत आहे, तुमची खुर्ची असायची तिथंच. आता एक गोष्ट सांगते, आणि तुम्ही हसणार हे माहीत आहे. तुम्हाला लिहिलेलं हे पहिलं पान दुसऱ्यांदा लिहिलेलं आहे. काल सकाळी ओसरीत लिहीत होते, आतून पेशंटनं हाक मारली म्हणून उठले, आणि परत आले तर पान नाही. ही रवंथ करून राह्यलेली. खुदा कसम, भाऊ, खरंच खाल्लं. गुरुजींना सांगितलं, तर ते गालात हसले. गावात एकाचाही विश्वास बसला नाही.

आज धानोऱ्याचा एक व्यापारी बकरी पाहून गेला. भाव बरा सांगत होता. मी त्याला हाकलून दिलं. विकायची नाही मले ते. विकली तं सुटीन ना मी.